काका, तुम्ही काल्पनिक ठरला आहात

तीर्थरूप काकांस,

असलात तर साष्टांग नमस्कार. नसलात तर पोस्टमनने हे पत्र खुशाल परत आणावं, मी त्याला दोष देणार नाही. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे आजकाल आमच्या घरात ठीक हा शब्द ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाने. तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी आठवणीने घेता ना? जेवणाचं काय करता? (हे प्रश्न काकूचे आहेत. तिने ते विचारायला सांगितलेले नाहीत. ती फक्त रोज सकाळी माझ्या पाठीमागे उभी राहून, भिंतीला उद्देशून, "असते एकेकाला एकटं राहायची हौस" असं म्हणते. त्याचा अर्थ मी लावला.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तरी मी "काका, त्याचं असं झालं" एवढं म्हणेपर्यंत तुम्ही "मुद्द्यावर ये" म्हणता. जन्मभर एडिटिंगच्या टेबलावर दुसऱ्यांचे सिनेमे कापून कापून तुमच्या उजव्या हाताला जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. समोरचा बोलत असतो आणि तुमची दोन बोटं हवेत कात्रीसारखी उघडमीट करायला लागतात. माझ्या सासऱ्यांचं आपल्या घरातलं पहिलंच भाषण तुम्ही पुढच्या रांगेत बसून असं कापलंत, तेव्हापासून ते आपल्याकडे आले की फक्त पाणी मागतात. पत्रात ती कात्री चालत नाही. तुम्ही फार तर पानं उलटाल, पण मुद्दा कुठे दडवलाय हे मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, तेव्हा सगळं वाचावं लागेल.

काकू आमच्याकडे का आली हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण तुमच्याकडची आवृत्ती नक्कीच कापून छोटी केलेली असणार. आत्याकडे सगळे जमले होते. काकू नळवाल्याची गोष्ट सांगत होती. नळवाला आला, त्याचा पान्हा घरी राहिला होता, आपला पान्हा शेजारणीने नेला होता, शेजारीण बहिणीकडे गेली होती, आणि गोष्ट त्या बहिणीच्या कुत्र्यापर्यंत पोचली असताना तुम्ही भरल्या घरात ती दोन बोटं उचललीत. काकू थांबली. सगळे हसले, तुम्ही सर्वांत मोठ्याने. त्यावर ती शांतपणे म्हणाली की या माणसाच्या आयुष्यात मी पहिल्यापासून भरतीचा तुकडाच आहे, आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तेव्हापासून तुम्ही तिकडे आणि ती इकडे.

भरतीचा तुकडा म्हणजे काय, हे तुमच्या सूनबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावून सांगावं लागलं, तेच इथे लिहितो. (तुम्हाला शिकवत नाही. पण प्राध्यापिकाबाई हल्ली माझी रद्दीसुद्धा मागून नेतात, हे पत्र त्यांच्या हाती पडलं तर निदान पूर्ण असावं. प्राध्यापिकाबाई कोण ते येईलच.) सिनेमा जुळवताना एखादा शॉट अजून हाती आलेला नसला, की तेवढ्याच लांबीचा कुठलातरी टाकाऊ तुकडा मध्ये चिकटवतात, म्हणजे पुढे चित्र आणि आवाज यांची चुकामूक होत नाही. खरा शॉट आला की टाकाऊ काढायचा, खरा लावायचा. तर तुम्ही तेव्हा जुळवत होतात त्या भुताच्या सिनेमात एका जिन्याचा शॉट यायचा होता, आणि तुम्ही त्या जागी काकूला लावलंत. तुमचं लग्न नवीन होतं. शूटिंग आटोपल्यावर कॅमेऱ्यात उरलेल्या फिल्मवर तुम्ही तिला गच्चीत कपडे वाळत घालताना टिपलं होतं, तो तुकडा हाताशी होता. मग घाईगडबडीत जिना लावायचा राहून गेला आणि काकू तशीच पडद्यावर गेली. आपल्या घरात चालत आलेली गोष्ट ही अशी, तुम्हीच सांगितलेली. सिनेमा आपटला, कुणी पाहिला नाही, तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकलात. काकूनेही कधी पाहिला नाही. तिने मनात धरलं ते एवढंच, की नवऱ्याला टाकाऊ तुकडा हवा होता तेव्हा त्याला आपली आठवण झाली.

तुम्हाला वाटलं सिनेमा मेला. काका, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने असं समजावं? विनोदी सिनेमे मरतात, कौटुंबिक सिनेमे मरतात, भुताचा सिनेमा आपटला की त्याला भक्त मिळतात. या सिनेमाचे भक्त आता गावोगाव आहेत आणि आमच्या गल्लीत त्यांचं मंडळ आहे. मंडळ एवढ्या एकाच सिनेमावर चर्चा करतं, आणि त्याचं नाव मोठ्याने घेत नाही, कारण नाव घेतलं की घडायला लागतं म्हणे. (मीही इथे घेत नाही. विश्वास नाही, पण घरात आणखी काही घडायला जागा उरलेली नाही.) मंडळाचा अध्यक्ष आमच्या खालचा औषधवाला. माणूस तसा सज्जन, खोकल्याचं औषध देताना तीन वेळा डोस समजावून सांगतो, पण या सिनेमाचा विषय निघाला की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

तर हा औषधवाला त्याच्या वडिलांची कवळी न्यायला वर आला होता. आमची बाहेरची खोली, म्हणजे माझा कारखाना, तुम्ही पाहिलेला आहे. फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण, बर्नर, दात घासायचं यंत्र, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. मी कवळी त्याच्या हातात ठेवली. तेवढ्यात मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूने दोरीवर चादर टाकली, तोंडातला चिमटा काढला आणि कोण आलंय म्हणून खांद्यावरून वळून बघितलं. औषधवाल्याच्या हातून कवळी पडली. पुढचे दोन दात निखळून यंत्राखाली गेले, त्यातला एक अजून सापडलेला नाही. मला वाटलं, माणसाला झटका आला. तो भिंतीला टेकून पांढराफटक चेहरा करून एवढंच म्हणाला, "ती बाहेर आली."

आता सिनेमाची गोष्ट सांगतो, कारण तुम्ही तो तुकड्यातुकड्यांत पाहिलेला असणार. एक टायपिस्ट मुलगी असते. तिला एका लेखकाची भयकादंबरी टाइप करायचं काम मिळतं. लेखक दिसत नाही, पानं दाराखालून आत सरकतात. (मला हे पहिल्यापासून पटलं नाही. माझ्याकडे कुणी दाराखालून जबडा सरकवला तर मी आधी दार उघडून बघेन.) ती सकाळी जे टाइप करते ते संध्याकाळपर्यंत तिच्या इमारतीत घडतं. घाबरून ती एकेक वाक्य गाळायला लागते, तर गाळलेल्या वाक्यांतली माणसं नाहीशी होतात, त्यांची नावंसुद्धा कुणाला आठवत नाहीत. कादंबरी खोलीत शिरते आणि खोली कादंबरीत, असा सगळा घोळ. शेवटी तिच्याकडे असं पान येतं की एक टायपिस्ट मुलगी मान वर करून जिन्याकडे बघते. ती मान वर करते, जिन्याकडे बघते, आणि जिन्याच्या जागी आपली काकू. स्वच्छ ऊन, निळी चादर. काकू तोंडातला चिमटा काढते, थेट आपल्याकडे बघून काहीतरी बोलते, आवाज नाही, आणि हसते. मग पुन्हा अंधार आणि आरडाओरडा.

भुतं बघून बघून अंगाचं पाणी झालेल्या माणसाला मध्येच असं ऊन दिसलं तर त्याने काय समजावं? एडिटरच्या हातून राहून गेलं असेल, असं समजावं? छे! एवढा साधा विचार करायला माणूस अशिक्षित लागतो. मंडळातल्या प्राध्यापिकाबाईंनी या एका शॉटवर प्रबंध लिहून पदवी मिळवली आहे. त्यांच्या मते ती बाई म्हणजे वास्तव, चादर म्हणजे वास्तव आणि कल्पना यांच्यामधला पडदा, आणि चिमटा म्हणजे लेखकाची सत्ता. (चिमटा लाकडी आहे यावर वेगळी तळटीप आहे.) बाई काय बोलते यावर मंडळात उभी फूट. औषधवाल्याचा गट म्हणतो, ती "पळा" म्हणते. प्राध्यापिकाबाईंचा गट म्हणतो, ती टायपिस्टला "पान उलटू नकोस" असं बजावते. निवाड्यासाठी मला बोलावलं, का, तर मी तोंडातला जाणकार. मी म्हटलं, वरचा डावा सुळा किंचित पुढे आहे, याहून जास्त मला सांगता येत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझे आभार मानले.

मंडळाने काकूला सिनेमा दाखवायचं ठरवलं, आणि तोही आमच्याच बाहेरच्या खोलीत, कारण प्राध्यापिकाबाईंना जबड्यांच्या रांगा बघताक्षणी तिथे 'वातावरण' सापडलं. ती माझी रोजीरोटी आहे असं मी म्हणालो, तर "किती सुंदर बोललात" म्हणाल्या. भरदुपारी पडदे ओढले. साच्यांच्या फळ्यांखाली मंडळी दाटीवाटीने बसली. काकू मधोमध खुर्चीत, मांडीवर निवडायच्या शेंगा. किंकाळ्या चालू असताना तिच्या शेंगा चालू होत्या. "या पोरीला दुसरी नोकरी मिळत नाही का गं?" एवढाच तिने सूनबाईजवळ अभिप्राय दिला. मग ऊन आलं. काकूचे हात थांबले. खोलीत पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं, सगळे तिच्याकडे बघत होते, मीसुद्धा. शॉट संपला तरी ती पुढे वाकलेलीच. शेवटी म्हणाली, "चादरीचा कोपरा सारखा केलेला नाही." प्राध्यापिकाबाई रडल्या. मलाही काहीतरी झालं, काका, खोटं कशाला सांगू. ती किती लहान होती हो तेव्हा.

त्यानंतर आमच्या घराचं जे झालं ते शत्रूच्या घराचं होऊ नये. काकू कपडे वाळत घालते त्या वेळी मागच्या बोळात लोक जमायला लागले. आधी दोघंतिघं यायची, मग बसायला घरून स्टुलं घेऊन यायला लागली. लोक एवढे लांबून येतात तर त्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून काकू कपडे नसले तरी वाळत घालते. कोरडे कपडे बादलीत बुडवते, पिळते, दोरीवर टाकते, चिमटा काढून मागे बघते. खाली उसासा उमटतो. माझे सदरे या भक्तीपायी विरत चालले आहेत. भक्त जिन्याने वर येतात, कारखाना बघतात आणि आठवण म्हणून काहीतरी उचलून नेतात. एका निवृत्त न्यायाधीशांचा खालचा जबडा असाच गेला. त्यांना पुन्हा माप द्यायला बोलावलं, तर त्यांनी मला अर्धा तास कायदा ऐकवला, तोही दातांशिवाय.

आणि काकू बोलते! काका, तुम्ही कल्पना करू शकणार नाही (अर्थात तुम्ही स्वतःच आता तशा अवस्थेत आहात, पण त्याकडे येतो). मंडळ तिच्याभोवती बसतं आणि ती जे सुचेल ते सांगते. कुणी घड्याळ बघत नाही, कुणी बोटं उचलत नाही. नळवाल्याची गोष्ट तिने पहिल्यापासून सांगितली, सबंध दुपार पुरली. कुत्र्यानंतर त्यात एक लग्न मोडतं, एक जुळतं, आणि शेवट असा काही आहे की सूनबाईने डोळ्याला पदर लावला आणि मी मेणाचं भांडं जाळलं. औषधवाल्याला त्यात सबंध सिनेमाची किल्ली सापडली. पान्हा म्हणजे टाइपरायटर, असं काहीतरी. काकू मान डोलावून "असेलही" म्हणते. हा तिचा हल्लीचा आवडता शब्द आहे, आणि तो तुम्हाला पुढे चांगलाच भोवलेला आहे.

कारण मी तोंड उघडलं. सदरे गेले, जबडा गेला, म्हटलं आता एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. मंडळाच्या बैठकीत उभं राहून मी सगळं सांगितलं: हे लोकहो, यात पडदा नाही, सत्ता नाही, ही माझी काकू आहे, माझे काका एडिटर होते, जिन्याचा शॉट लावायचा त्यांच्या हातून राहिला. मला वाटलं होतं, मंडळ तिथल्या तिथे बरखास्त होईल. पण प्राध्यापिकाबाई अतिशय मायेने म्हणाल्या, "सिनेमानं तुमच्या तोंडी अगदी हेच वाक्य घातलं असतं." टाळ्या पडल्या. औषधवाल्याने विचारलं, हे काका कुठे असतात? म्हटलं, घरी. फोन लावा म्हणाला. लावला. सगळ्या मंडळाने श्वास रोखून तुमच्या फोनची घंटा ऐकली. पुन्हा लावला. तुम्ही उचलला नाही. तुमचा एखादा फोटो दाखवा म्हणाले. काकूच्या पाकिटात होता, पण तो आत्याच्या घरच्या जेवणावळीतला, त्यात तुम्ही कडेला उभे आणि अर्धे कापले गेलेले. (फोटो तुम्हीच घडीवर कापून पाकिटात बसवला होता, असं काकूने सांगितलं. मंडळात कुजबुज झाली.)

मग रीतसर ठराव आला. जो माणूस कधी दिसत नाही, बोलावलं तर येत नाही, बंद अंधाऱ्या खोलीत बसून इतरांचं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवतो, तो दुसरा कोण असणार? दाराखालून पानं सरकवणारा लेखक! सबब, सदर काका हे काल्पनिक असून चित्रपटातून घरात शिरलेले पात्र आहेत. हात वर झाले. मी विरोधात एकटा. सूनबाई तटस्थ राहिली (तिचे वडील, भाषण, तुम्हाला आठवत असेल). आणि काकूने, काका, शेंगांची टोपली बाजूला ठेवली, जरा विचार केला आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. मी म्हटलं, अगं काकू! तर म्हणते, "असेलही. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर राहिले, पण बोलल्याचं फारसं काही आठवत नाही बघ."

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू, त्या क्षणी मला तुमचा राग आला. भुताच्या सिनेमाच्या वेड्यांनी तुम्हाला गायब केलं ते केलं, काकूने का करावं? आणि आता पुढचं ऐका. मंडळ तिला सिनेमाबरोबर दौऱ्यावर नेणार आहे. गावोगावी खेळ, खेळानंतर तिचं बोलणं, हवा तेवढा वेळ. या महिन्याच्या अखेरीस निघायचं आहे. काकूने होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही, पण कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली आहे. एकदा ती त्या दौऱ्यावर गेली की परत येईल ती थेट आमच्याकडे, तुमच्याकडे नाही. तिकडे तिचं ऐकणारी शेकडो माणसं असतील, तुमच्याकडे दोन बोटं.

मी हे पत्र इथवर आणून थांबणार होतो. पण काल एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्राध्यापिकाबाईंनी कुठूनशा शोधून तुमच्या वेळच्या निगेटिव्ह कापणाऱ्या बाईंना मंडळात आणलं. आठवतात? एडिटर जे जुळवून देईल त्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापून जोडायचं त्यांचं काम. अजूनही हातात पांढरे सुती मोजे घालूनच बसतात, चहाचा कपसुद्धा कडेने धरतात. त्यांना मंडळाने मोठ्या गांभीर्याने विचारलं, की हा शॉट या जगातला कसा नाही ते सांगा. त्या म्हणाल्या, नसायला काय झालं, त्याच्या बायकोचा आहे. मी विजयी मुद्रेने सगळीकडे बघितलं आणि म्हटलं, जिना लावायचा राहिला, सांगा त्यांना. तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी निगेटिव्हवर बोट ठेवलं.

"राहिला? कुणी सांगितलं? जिना आला होता की. चांगला आला होता. मी दोन्ही तुकडे खिडकीशी धरले आणि त्याला विचारलं, कुठला लावू? तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, आहे तोच राहू दे. मी म्हटलं, अरे, ओरडतील तुला. म्हणाला, ओरडू देत, चुकून राहिलं म्हणून सांगेन. ओरडले ना मग, पुढचं काम गेलं त्याचं. एरवी असा माणूस नव्हता हो तो. स्वतःच्या बापाचा शॉट लांबला असता तरी कापला असता."

मंडळाने यावरही चर्चा केली. निगेटिव्हवाल्या बाईसुद्धा चित्रपटातून आलेल्या असाव्यात, मोजे हा पुरावा, असं औषधवाल्याचं मत पडलं. मी ऐकत नव्हतो. मी काकूकडे बघत होतो. ती "असेलही" सुद्धा म्हणाली नाही. उठून मागच्या गॅलरीत गेली, बोळातले लोक सावरून बसले, पण तिने कपडे वाळत घातले नाहीत. होते तेच काढले, घड्या घातल्या आणि आत घेऊन आली. संध्याकाळी सूनबाईने विचारलं, ठरावाचं मत मागे घेणार का? तर म्हणाली, बघू.

तेव्हा काका, मुद्दा असा (आला एकदाचा). तुम्ही आमच्या सगळ्यांशी एवढी वर्षं खोटं बोललात. चूक केली नव्हतीत आणि चूक झाली म्हणालात. ज्या माणसाने काम गेलं तरी तो तुकडा काढला नाही, त्याच माणसाने आत्याकडे त्याच बाईसमोर बोटं उचलावीत, हे मला काही केल्या जुळवता येत नाही. मी कवळ्या करणारा माणूस आहे, वरचं आणि खालचं नीट बसलं नाही की मला चैन पडत नाही. दौरा निघायच्या आत या. मंडळाची पर्वा करू नका. तुम्ही आहात हे एका माणसाला पटलं की पुरे, आणि तिला ते सांगून नाही, बघून पटतं.

घरच्या मोठ्यांना (म्हणजे तुम्हालाच, दुसरं कोण उरलंय) नमस्कार.

तुमचा, निदान माझ्या बाजूने खरा,
पुतण्या

ता. क. येताना ओळखपत्र वगैरे आणू नका. प्राध्यापिकाबाई म्हणतात, पात्राकडे कागदपत्रं नेहमीच व्यवस्थित असतात.

ता. क. दुसरा. वर मी सदऱ्यांबद्दल आणि घराच्या दशेबद्दल बरंच लिहिलं आहे, ते वाचून काकूला लगेच घेऊन जाऊ नका. सूनबाई म्हणते, काकू गेली तर दुपारी घरात कुणाचा आवाज असणार, माझ्या दात घासायच्या यंत्राचा? तुम्हीच बॅग घेऊन या आणि थोडे दिवस राहा. बाहेरच्या खोलीत झोपायची सोय करतो, न्यायाधीशांच्या जागी फळीवर रिकामी जागा आहे, चष्मा ठेवता येईल.

ता. क. तिसरा. हा माझा आहे. पुतण्या पत्र टेबलावर ठेवून कवळी पोचवायला गेलाय, मी वाचलं. मुलगा चांगला आहे, पण लांबण लावतो, कुणावर गेलाय कळत नाही. तुमचा गुडघा कसा आहे ते खरंच विचारलेलं नव्हतं, आता विचारते. बॅग भरलेली आहे. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. या मंडळींनी मला फार विचारलं की बाई, तुम्ही तेव्हा काय बोललात, तर मी आठवत नाही म्हणाले. एवढी वर्षं तो तुकडा तुम्ही ठेवलात आणि मी काय बोलले ते एकदाही विचारलं नाहीत. तुमच्याकडे आवाज धरायचं यंत्र नव्हतं, म्हणून तुम्हाला वाटलं असेल, मी काही बोललेच नाही. मी म्हणाले होते, "अहो, तिथून काय बघत बसलाय? इकडे या की." तुम्ही फिल्म संपेपर्यंत तिथेच उभे राहिलात. अजूनही म्हणणं तेच आहे. हे जरा लांबलं असेल, पण कापू नका.